ताडपत्रीखालची होडी

मार्चमधल्या एका रविवारी मावशीने मला सरळच विचारलं, "मास्तर, होरी ठेवायची का काढायची, एकदाचं सांग. पावसाच्या आत मना जागा मोकली पाहिजे."

मावशी म्हणजे डोंबिवली पश्चिमेला खाडीच्या काठावर राहणारी, सत्तरी ओलांडलेली बाई. तिच्या नवऱ्याची शिडाची होडी मी आणि माझ्या मित्राने सहा वर्षांपूर्वी तिच्याकडून घेतली होती, आणि ठेवायलाही तिच्याच घरामागची जागा वापरत होतो. आता तिथे तिच्या मुलाला गाड्या धुण्याचं सेंटर टाकायचं होतं. ती बोलत होती तेव्हा होडी आमच्या दोघांच्या मध्ये पडलेली होती, निळ्या ताडपत्रीत गुंडाळलेली, नायलॉनच्या दोरीने चारी बाजूंनी करकचून बांधलेली. बांधणारा मीच. दीड वर्षात ती पाण्यात गेली नव्हती.

"विचार करून सांगतो," मी म्हणालो.

"कवरा विचार करशील? माझ्या म्हाताऱ्यानं लगीन करताना पन येवरा केला नाय."

एखाद्याला वाटेल, दीड वर्ष पडून असलेली होडी काढून टाकायला विचार कसला करायचा. माझी अडचण मावशीला सांगण्यासारखी नव्हती. माझा मित्र दीड वर्षापासून ठाण्याला नौपाड्यातल्या त्याच्या घरी खाटेवर आहे. उजवा हात आणि उजवा पाय जवळजवळ गेलेला, बोलणं एकेका शब्दावर आलेलं. मी दर रविवारी दुपारी त्याच्याकडे जायचो आणि होडी आज कुठपर्यंत गेली, वारा कसा होता, हे त्याला सांगायचो. होडी कुठेही गेलेली नसायची. ती काढून टाकायची, तर इतके रविवार मी खोटं बोललो हे त्याच्यापुढे कबूल करावं लागणार होतं. आणि कबूल केल्यावर, होडी नसताना, त्याच्याकडे जायला माझ्याजवळ काय कारण उरणार होतं? मी चोपन्न वर्षांचा आहे. बेल वाजवून आत जावं असं दुसरं घर मला नाही.

मी कल्याणजवळच्या मोहन्यात वाढलो. वडील तिथल्या रेयॉनच्या कारखान्यात होते. आमच्या घरात टीव्हीला कव्हर असायचं, मिक्सरला कव्हर असायचं, रिमोट पिशवीत असायचा. लोखंडी कपाट आलं त्या दिवशीचं प्लॅस्टिक त्याच्यावर पुढे कितीतरी वर्षं तसंच होतं. हात लावला की चरचरायचं. वस्तू कष्टाने यायची, म्हणून आई ती झाकून ठेवायची. वडील गेल्यावर आम्ही दोघं डोंबिवलीला आलो. माझं लग्न दोनदा जमत आलं होतं आणि दोन्ही वेळा मी "बघू, बघू" करत बसलो, ते लोक कंटाळून निघून गेले. सात वर्षांपूर्वी आई गेली. त्यानंतरचे रविवार मला आठवतात ते त्यांच्या आवाजांवरून, म्हणजे इतरांच्या घरातल्या आवाजांवरून. वरच्या मजल्यावरचा कुकर, शेजारच्यांचे पाहुणे.

मित्र माझ्याच ऑफिसातला. ठाण्यातल्या एका कंपनीत आम्ही दोघं ड्राफ्ट्समन, शेजारी शेजारी बसणारे. तो मूळचा रत्नागिरीकडच्या किनाऱ्यावरचा. वडील, काका सगळे मासेमारीतले. एकदा डबा खाताना त्याने विचारलं, "रविवारी तू करतोस काय रे?"

"कपडे धुतो."

"आणि?"

"वाळत घालतो."

त्याने डबा बंद केला. मग म्हणाला, "माणसाला एक तरी कटकट पाहिजे. मला बायको आहे, सोसायटीची सेक्रेटरीशिप आहे, गावाला भावांची भांडणं आहेत. तुला काहीच नाही. असा माणूस लवकर जातो."

महिन्याभराने तो मला खाडीवर घेऊन आला आणि मावशीची होडी दाखवली. वीस-बावीस फुटांची, लाकडी, एका डोलकाठीची. मावशीचा नवरा वारल्यापासून ती नुसती पडून होती.

"घ्यायची अर्धी अर्धी," तो म्हणाला. "पोहता येतं?"

"नाही."

"मग उत्तम. पोहता येणारी माणसं होडी सांभाळत नाहीत."

तेव्हापासून तो तांडेल झाला, म्हणजे होडीचा प्रमुख, आणि मी खलाशी. ऑफिसातही आम्ही एकमेकांना हेच म्हणू लागलो. मावशीने मला माझ्या चष्म्यावरून मास्तर केलं.

कटकट मात्र त्याने म्हटल्याहून जास्तच निघाली. आमच्या काठाला भरतीच्या वेळीच पाणी असतं. ते उतरलं की दोन तासांत गुडघाभर चिखल. भरतीची वेळ रोज पुढे सरकते आणि आम्हाला सुट्टी फक्त रविवारी. तांडेल तिथीवरून हिशेब करायचा. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती समुद्राच्या भरतीची वेळ, आणि खाडीत इतक्या आत पाणी यायला आणखी तासभर. चतुर्थी असेल तर दुपारी चारला. अष्टमी असेल तर सकाळी सातला नाहीतर संध्याकाळी, आणि भर दुपारी नुसता गाळ. पाणी जुळलं तर वारा नसायचा. वारा असला तर पावसाळ्यानंतर वाहून आलेली जलपर्णी काठ अडवून बसलेली. सुकाणूत प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकायच्या, त्या काढायला तांडेल अर्धा पाण्यात लोंबकळायचा आणि मी त्याचा पट्टा धरून बसायचो. होडी पाण्याबाहेर जास्त राहिली की फळ्या आखडतात आणि फटी पडतात, म्हणून कापूस आणि राळ भरत बसायचं. साडेचार वर्षांत शीड लावून नीट फिरलो असं मी म्हणेन ते अकरा वेळा. बाकीचे रविवार दुरुस्तीत, वाट बघण्यात, किंवा चिखलात.

"एवढ्या वेळात तुम्ही दोघं चालत अलिबागला पोचला असतात," वहिनी, म्हणजे तांडेलची बायको, म्हणायच्या. त्या कधीही खाडीवर आल्या नाहीत. पण दोन डबे करून द्यायच्या.

मला त्या अकरा वेळांपेक्षा बाकीचे रविवारच जास्त आठवतात. आम्ही काही फार बोलत नसू. तो फटीत कापूस ठोकायचा, मी राळ गरम करायचो.

नारळी पौर्णिमेला मावशी अडून बसायची. मालकाने नारळ दिल्याशिवाय होडी पाण्यात जायची नाही. आम्ही बौद्ध. देवापुढे नारळ फोडणं माझ्या आईने आयुष्यात केलं नाही, आणि ती गेल्यावर तिच्या माघारी मी ते करावं हे मला पटेना. मी पहिल्या वर्षी तसं सांगितलं तेव्हा तांडेल मावशीला म्हणाला, "अर्धी होडी माझी आहे. माझ्या अर्ध्याचा मी फोडतो."

"आनि त्याचा अर्धा बुरला तर?"

"तर तो पोहत येईल."

"त्याला येत नाय पोहता."

"म्हणूनच तर म्हणतोय, मावशी. फोडू दे."

तो नारळ फोडायचा, मी होडीची दोरी धरून बाजूला उभा राहायचो, आणि मग मावशीचा नारळीभात तिघंही खायचो. गेल्या वर्षी पौर्णिमेला मी एकटाच होतो. मावशीने विचारलं, "आता कोन फोरनार?" मी म्हणालो, राहू दे या वर्षी. तिने स्वतःच येऊन ताडपत्रीवरून हळदकुंकू लावलं. निळ्या प्लॅस्टिकवर ते टिकलं नाही, तासाभरात वाऱ्याने गेलं.

आता ती गोष्ट सांगतो जी मी कुणाला सांगितली नव्हती.

दीड वर्षापूर्वी, नोव्हेंबरमधला रविवार. सकाळी नवाच्या सुमाराला पाणी भरलं होतं आणि आम्हाला निघायला उशीर झाला. होडी पाण्यात ढकलली. शीड वर चढवायचं म्हणजे दोरी ओढायची, आणि ते काम तांडेलचं. मला ते कधी धड जमलं नाही. त्याने दोरी धरली आणि सोडली. म्हणाला, "हाताला मुंग्या आल्यात रे. जरा थांबूया."

मी म्हणालो, "पाणी उतरायला लागलंय. आधी बाहेर काढू, मग थांब हवा तेवढा."

त्याने परत ओढली. दोरी त्याच्या उजव्या हातातून दोनदा निसटली. मी हसलो. "म्हातारा झालास, तांडेल," म्हणालो. तिसऱ्यांदा त्याने ती डाव्या हाताला गुंडाळून ओढली आणि शीड चढलं.

त्या दिवशी वारा फार सुंदर होता. तो सुकाणू डाव्या हातात धरून गप्प बसला होता. मला वाटलं, मजेत आहे. मी स्वतः मजेत होतो. इतक्या महिन्यांनी सगळं जुळून आलं होतं, आणि ते फुकट जाऊ नये एवढंच माझ्या डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला तो बाथरूममध्ये पडला. पॅरॅलिसिसचा झटका. मी हॉस्पिटलमध्ये पोचलो तेव्हा डॉक्टर वहिनींना विचारत होते, त्रास कधीपासून सुरू झाला, आदल्या दिवशी काही जाणवलं होतं का. त्यांनी वेगवेगळ्या शब्दांत तीनदा विचारलं. वहिनी तिन्ही वेळा म्हणाल्या, "नाही, सकाळीच, सहाला." मी चार हातांवर उभा होतो. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. पुढे मला कळलं की या आजारात पहिल्या लक्षणापासूनचे तास मोजतात, उपचार त्यावर ठरतात. मी तेव्हा बोललो असतो तर फरक पडला असता का, मला माहीत नाही. बहुतेक नसता पडला, कारण रात्र तर उलटून गेलीच होती. पण आदल्या सकाळी मी "चल, घरी जाऊ" म्हणालो असतो तर? हे मी कुठल्याही डॉक्टरला विचारलेलं नाही. विचारायची भीती वाटते.

महिन्याने तो घरी आला. मी भेटायला गेलो तेव्हा त्याने जो पहिला शब्द महाप्रयासाने काढला तो होता, "होडी?"

"ठीक आहे," मी म्हणालो. आणि पुढे, का ते मला आजही सांगता येत नाही, "काल काढली होती."

"एकटा?"

"मावशीचा मुलगा होता बरोबर."

त्याच्या तोंडाची डावी बाजू हसली. वहिनी म्हणाल्या, "आल्यापासून पहिल्यांदा हसले." झालं. पुढच्या रविवारी त्याने विचारलं, "वारा?" आणि मी सांगितला.

खोटं बोलायलाही मेहनत लागते. त्याच्या खाटेसमोर कालनिर्णय टांगलेलं आहे, त्यावर तिथी असते. मी यायच्या आधी गणित करून यायचो, मोबाइलवर वाऱ्याची दिशा बघून यायचो. एकदा मी बेसावधपणे म्हणालो, दुपारी बाराला निघालो. तो भिंतीकडे बघून म्हणाला, "अष्टमी." "अरे हो, ते मागच्या वेळी. आज सकाळी सातला काढली," मी म्हणालो. त्याने मान हलवली.

खरं म्हणजे मी रविवारी सकाळी खाडीवर जायचो तो हातात दोन कॅन घेऊन. आमच्या बिल्डिंगच्या नळाचं पाणी. एकट्याने होडी पाण्यात नेणं मला शक्य नव्हतं, आणि धाडसही नव्हतं, पण निदान तिची काळजी घ्यावी म्हणून मी तिच्यावरचं खारं धुऊन काढायचो, फडक्याने पुसायचो आणि परत ताडपत्रीत घट्ट बांधायचो. तांडेलची पद्धत याच्या उलट होती. तो परत आल्यावर खाडीच्याच पाण्याच्या चार बादल्या होडीत ओतायचा, आणि झाकायला मावशीचे नारळाच्या झावळ्यांचे झाप, तेही सैल, हवा खेळेल असे. मला तो कोळ्यांचा आळस वाटायचा. खाऱ्या हवेने माझी स्कूटर गंजली होती. लाकडाचं वेगळं काय असणार?

"होरी काय फ्रीज हाय, कव्हर घालून ठेवाला?" मावशी म्हणायची. मी हसून सोडून द्यायचो.

तर मावशीने मुदत दिल्यावर मी पुढच्या रविवारी ताडपत्री पूर्ण सोडली. नेहमी मी वरवर उघडून पुसायचो. या वेळी आतल्या लाकडी पट्ट्या उचलल्या. खालून ओल्या घोंगडीसारखा वास आला. फळ्यांवर पांढरी बुरशी होती. मी अंगठा दाबला, तो आत गेला.

मावशी मागे येऊन उभी राहिली होती. तिने वाकून बघितलं, बोटाने खरवडून वास घेतला. "खाऱ्या पान्यान लाकूर टिकतंय, मास्तर. नलाच्या पान्यान कुजतंय. तुना कोनी सांगलं तिला आंघोल घालाला?"

कुणीच सांगितलं नव्हतं. मी आईसारखं केलं होतं.

त्याच दुपारी मी नौपाड्यात गेलो. वहिनी चहा ठेवायला आत गेल्या. तांडेल उशीला टेकून बसला होता. "वारा?" त्याने विचारलं.

मी म्हणालो, "वारा माहीत नाही. मी होडी काढलेली नाही. तू पडल्यापासून एकदाही नाही. मी खोटं बोलत होतो."

मी थांबलो नाही, थांबलो असतो तर पुढचं आलं नसतं. ताडपत्री, कॅन, बुरशी, सगळं सांगितलं.

"नळाचं?" तो म्हणाला.

"हो."

"नळाचं पाणी?"

"हो. दर रविवारी."

"गाढवा," तो म्हणाला. इतका स्वच्छ शब्द त्याच्या तोंडून कित्येक महिन्यांत आला नव्हता. वहिनी चहा घेऊन दारात उभ्या होत्या, त्यांना हसू फुटलं. तोही हसला. मीही. तिथे मी थांबायला हवं होतं. पण इतकं हलकं वाटलं की मला लोभ सुटला, सगळंच उतरवून टाकावं असं वाटलं. आणि मी हाताच्या मुंग्यांचं सांगितलं.

वहिनींनी चहा टीपॉयवर ठेवला. "रविवारी? किती वाजता?"

"साडेनऊ असतील."

"डॉक्टर तीन तीनदा विचारत होते मला. तुम्ही तिथेच उभे होतात."

"हो."

त्यांनी कप उचलले, माझा भरलेला होता तोही, आणि आत गेल्या. आतून नळाचा आवाज येत राहिला. तांडेलने आपल्या उजव्या हाताकडे बघितलं, जणू त्याला काही विचारायचं आहे, आणि डोळे मिटले. त्याने मला क्षमा केली की हाकललं, काही कळलं नाही. मी दहा मिनिटं बसलो आणि आपणच दार ओढून घेऊन बाहेर पडलो.

खरं बोलल्याने मन मोकळं होतं म्हणतात. माझं झालं थोडं. पण मी माझं जे उतरवलं ते त्या बाईच्या डोक्यावर ठेवून आलो. आता "सकाळी सहाला" हे आपणच सांगितलं, ही गोष्ट त्या रोज त्याला भरवताना आठवत असणार. हे मला रिक्षात बसल्यावर सुचलं. बोलण्याआधी सुचलं नाही.

पुढचे तीन रविवार मी गेलो नाही. कपडे धुतले. फोन तीन-चार वेळा हातात घेतला आणि ठेवला. दुपारी विहारात जाऊन बसलो, तिथे ओळखीच्यांनी विचारलं, काय, हल्ली होडी नाही का? मी म्हणालो, दुरुस्तीला आहे. म्हणजे परत खोटं.

चौथ्या आठवड्यात वहिनींचा मेसेज आला. "ह्यांना होडी बघायची आहे. रविवारी गाडी करून आणते. पत्ता पाठवा." एवढंच.

ते आले. गाडीपासून होडीपर्यंत पंचवीस पावलं असतील, ती चालायला तांडेलला चार पायांच्या काठीवर पाव तास लागला. वहिनींनी मला हात लावू दिला नाही. मावशीने प्लॅस्टिकची खुर्ची आणून ठेवली.

"काय तांडेल, किती दिसांनी? आलास एकदाचा."

"अर्धा," तो म्हणाला. "अर्धा आलो."

"अर्धा पन बास हाय. मास्तर अख्खा येतंय, त्याचा काय उपेग झाला?"

त्याने डाव्या हाताने टोचायची खूण केली आणि म्हणाला, दे. मी स्क्रू-ड्रायव्हर दिला. तो खुर्चीत बसून एकेका फळीला टोचत गेला; पुढे जायचं झालं की मी आणि मावशी खुर्चीसकट त्याला सरकवायचो. मागच्या बाजूला लाकूड टणक होतं, टकटक वाजायचं. मधल्या चार-पाच फळ्यांत पातं मुठीपर्यंत बुडलं. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो. त्याने "ठेव" म्हणावं एवढंच मला हवं होतं. कितीही कटकट चालली असती.

"फळ्या बदलता येतील," मी म्हणालो. "मी सुतार शोधतो, तुझ्या गावाकडचा बघू. जागा दुसरी मिळेल काठावर. मी रजा काढतो."

त्याने मान हलवली. "कोण?"

"काय कोण?"

"शीड." त्याला पुढचा शब्द मिळेना. त्याने डावी मूठ वळून हवेत खाली ओढली, दोरी ओढतात तशी. "कोण?"

मी शिकेन, असं म्हणणार होतो. साडेचार वर्षं त्याच्या शेजारी बसून मी ते शिकलो नव्हतो, आणि हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"मावशी," तो म्हणाला. "काढ."

मावशीने होडीच्या कडेवर हात ठेवला. "डोलकाठी मी ठेवतंय," ती म्हणाली. "सुकट वालत घालाला बरी हाय."

वहिनी एवढा वेळ पाण्याकडे तोंड करून उभ्या होत्या. ओहोटी होती, बघण्यासारखं काही नव्हतं. गाळ, त्यात रुतलेल्या बाटल्या, दोन बगळे. मावशीला त्या म्हणाल्या, "इथे यायचे होय हे." मग तांडेलच्या चपलेला लागलेला चिखल रुमालाने पुसला आणि गाडीत बसल्या.

मावशीच्या मुलाने बुधवारी माणसं लावून होडी फोडून नेली. मी ऑफिसात होतो. जाऊन बघावं असं मला वाटलं नाही.

शेजारच्या टेबलावर आता एक नवीन मुलगी बसते. तिने कुठूनतरी ऐकलं आणि विचारलं, "काका, शिडाची बोट ठेवणं वर्थ आहे का हो? माझ्या भावाला घ्यायचीय." तिला म्हणालो, दोघं असतील तर बघ. ती म्हणाली, म्हणजे पार्टनरशिप? मी म्हणालो, हो, तसंच.

मे महिन्यातल्या एका शनिवारी वहिनींचा फोन आला. चार आठवड्यांनी त्यांचा आवाज ऐकत होतो.

"उद्या अकरा ते एक मला खोपटला बहिणीकडे जायचंय. तिचं ऑपरेशन झालंय. ह्यांच्याजवळ बसायला कोणी नाही."

"येतो मी."

"त्या दिवशीचं मी विसरलेले नाही."

"हो."

"विसरेन असंही वाटत नाही. पण मला दोन तास बाहेर जायचंय." त्या म्हणाल्या, "जेवून या. मी काही करून ठेवणार नाही."

मी पावणेअकराला पोचलो. वहिनींनी गोळी दाखवली, पाण्याचा ग्लास दाखवला, पंखा किती वर ठेवायचा ते सांगितलं आणि गेल्या. तांडेल झोपला होता. मी खुर्ची ओढून बसलो. सांगण्यासारखं माझ्याजवळ काहीच नव्हतं. भिंतीवर मे महिना होता, पण आज तिथी कोणती हे मी बघून आलो नव्हतो. खालून भाजीवाल्याशी कुणीतरी हुज्जत घालत होतं. पंखा फिरत होता. मला वाटलं, हा जागा झाला की विचारेल, का आलास, आणि मला उत्तर देता येणार नाही.

पाऊण तासाने तो जागा झाला. माझ्याकडे बघितलं. डावा हात खाटेच्या कडेवरून खाली नेऊन काहीतरी चाचपू लागला.

"पाणी?"

त्याने मान हलवली. पाणी नको होतं. मी वाकून बघितलं. खाटेखाली लघवीचं भांडं होतं. इतक्या रविवारी मी या खोलीत बसलो होतो, पण ते काम नेहमी वहिनी करायच्या आणि मी तेवढ्यापुरता गॅलरीत जाऊन उभा राहायचो. मी ते उचललं. कसं धरायचं मला माहीत नव्हतं.

"उलटं," तो म्हणाला.

मी ते फिरवून धरलं, चादर बाजूला केली आणि खिडकीकडे तोंड केलं.

"बघ," तो म्हणाला. "सांडेल."

मी वळून बघितलं आणि दोन्ही हातांनी नीट धरलं.